१४. बोलका तक्ता

१४. बोलका तक्ता : तोंडाने स्पष्ट बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रांची, शब्दांची किंवा अक्षरांची पाटी. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, पक्षाघात अशा कारणांनी वाचा अडली तरी समज शाबूत असू शकते, हे प्रकरण वाचताना विसरू नये. या प्रकरणातल्या पिंपरीच्या मुलाचा हात स्थिर राहत नाही, म्हणून आई एकेका ओळीवर बोट ठेवत जाते. हवी ती ओळ आली की तो नजर वर करतो, मग आई त्या ओळीतले एकेक चित्र दाखवते. उत्तरासाठी थांबावे लागते, घाईने वाक्य पुरे करून द्यायचे नाही. तक्त्यावर 'पाणी', 'शू' यांच्याइतकेच 'नको', 'दुखतंय', 'तुझं चुकलं' हेही हवेत. एरवी मुलाला फक्त मागता येते, भांडता येत नाही. तक्त्यामुळे मूल बोलायचे टाळते ही मुलाच्या आजीची भीती अनेकांना वाटते, पण अभ्यासांत तसे आढळलेले नाही. काहींचे उच्चार उलट वाढतात. प्रकरणात पुढे उल्लेख येणारे 'जेलो' हे मुंबई आयआयटीच्या आयडीसी विभागाने तयार केलेले अ‍ॅप. चित्राला स्पर्श केला की आवाज येतो, मराठीतही. तिथेच येणाऱ्या मालिनी चिब या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुंबईच्या लेखिका. 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन त्यांनी एका बोटाने टंकित केले. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील 'संवाद' या संज्ञेच्या व्याख्येत अशा पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश आहे. प्रकरणात शाळेशी होणाऱ्या वादात आई याच कायद्याचा आधार घेते. – संपा.