द्राक्ष निर्यात : ग्लोबलगॅप ऑडिट वैयक्तिक की गटाने?

युरोपातील सुपरमार्केटला द्राक्ष पाठवायचे, तर खरेदीदार बहुधा ग्लोबलगॅप प्रमाणपत्र मागतात. अपेडाच्या ग्रेपनेटवरील बागेची नोंदणी आणि उर्वरित अंश चाचणी वेगळी. प्रमाणपत्राने त्यातून सूट मिळत नाही. प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष असते.

पर्याय १ : वैयक्तिक
प्रमाणन संस्थेचा निरीक्षक थेट आपल्या बागेत येतो. शुल्क आपल्यालाच भरावे लागते. मात्र जबाबदारीही फक्त आपल्या बागेपुरती राहते. क्षेत्र मोठे असेल आणि नोंदी ठेवायला माणूस असेल, तर हा पर्याय सोपा.

पर्याय २ : गट
गटाला स्वतःची गुणवत्ता व्यवस्थापन प्रणाली उभी करावी लागते : सभासदांशी लेखी करार, सभासद व प्लॉटची यादी, अंतर्गत निरीक्षक आणि अंतर्गत लेखापरीक्षक. वर्षातून एकदा प्रत्येक सभासदाची अंतर्गत तपासणी आणि संपूर्ण प्रणालीचे अंतर्गत ऑडिट करावेच लागते. त्यानंतर प्रमाणन संस्था प्रणाली तपासते आणि सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या बागा पाहते. म्हणजे ४९ सभासदांत किमान ७ बागा. खर्च वाटला जातो, तो यामुळेच.

धोका कुठे?
उरलेल्या ४२ बागांची हमी तुमची अंतर्गत तपासणी देते. ती घरी बसून भरलेली असेल, तर दोष एका सभासदाचा न राहता प्रणालीचा ठरतो आणि ऐन काढणीत संपूर्ण गटाचे प्रमाणपत्र निलंबित होऊ शकते.

अंतर्गत तपासणी करताना
- निरीक्षकाने स्वतःची बाग तपासू नये. शक्यतो भावकीतलीही टाळावी.
- फळछाटणीनंतर, फवारण्या सुरू असताना तपासणी करा. चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो.
- फवारणी नोंदवही, औषधांची बिले आणि गोदामातला साठा एकमेकांशी जुळवा. फक्त वही पाहू नका.
- शेवटची फवारणी ते काढणी, हे दिवस मोजा.
- फवारणी करणाऱ्या मजुराशी बोला. औषध व मात्रा त्याच्याकडून ऐका.
- त्रुटी, दुरुस्ती आणि तारीख लिहून सही घ्या.

निर्णय कसा घ्यावा?
केवळ शुल्क वाचते म्हणून गटात जाऊ नका. चुकीची नोंद आढळल्यास सभासदाला थांबवण्याची गटाची तयारी आहे का, हे आधी विचारा. उत्तर 'नाही' असेल, तर वैयक्तिक प्रमाणपत्रच घ्या.