वाकलेल्या सळईचे गणित

बडोद्याच्या खंडेराव मार्केटची भव्य वास्तू सयाजीराव महाराजांनी १९०६ साली उभारली व आपले दत्तक पिता खंडेराव महाराज यांचे नाव तिला दिले. तिच्या कमानींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला बोलावयाचे आहे ते बाजारात तराजू टांगण्याच्या आकड्याविषयी. वाकविलेली लोखंडी सळई, एवढेच त्याचे स्वरूप. पण ती कागदावर मांडावी कशी?

समजा, १० मिलिमीटर जाडीची सळई काटकोनात वाकवावयाची आहे. वाकाची आतील त्रिज्या २०, दोन्ही बाजूंचे सरळ भाग १०० आणि ६०. मग सळई कापावी किती? वाकताना आतली बाजू आखडते, बाहेरची ताणली जाते. मधली रेषा मात्र स्थूलमानाने आपली लांबी राखते. तिची त्रिज्या २५, म्हणून वाकाची लांबी ३९.३ आणि एकूण १९९.३ मिलिमीटर. लोहार हाच हिशेब दोरी वाकवून करी.

कारागिराच्या हातातील असे ज्ञान शास्त्राच्या पायावर आणि स्वभाषेतून शिकविले जावे, हा त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. त्यांच्या पुढाकाराने महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापिले. (दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी.) १९४९ मध्ये ते विद्यापीठात विलीन झाले.

परंतु कागदावरील आराखडा आकार दाखवितो, मापांमधील नाते जपत नाही. त्रिज्या बदलली की सारे खोडून पुन्हा काढणे आले. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’मध्ये रेषांवरील बंधने प्रथम संगणकाला सांगता आली, १९८० च्या दशकाअखेर ‘प्रो-इंजिनिअर’ने पॅरामेट्रिक पद्धत कारखान्यांत रुजविली. तीत प्रथम मधली रेषा आखावयाची, तिच्या टोकाशी काटकोनात वर्तुळ काढावयाचे आणि ते रेषेवरून फिरवावयाचे. सळई तयार होते. आतील त्रिज्या २० ऐवजी ३० केली, की एकूण लांबी आपोआप सुमारे २१५ होते. लोहाराच्या दोरीचेच हे रूप, असे मी मानतो.

आता कारागिराला विचारण्याचे कारण उरले नाही, असे काही अभियंते म्हणतात. मला ते मान्य नाही. वाक फार आवळ असेल तर लांबी राखणारी रेषा मध्यावरून आत सरकते. थंड वाकविलेली सळई हात सोडताच थोडी उलगडते. किती सरकेल, किती उलगडेल, हे नुसत्या भूमितीतून निघत नाही. ती मापे सळई प्रत्यक्ष वाकवून घ्यावी लागतात, आणि मगच ती संगणकाला सांगता येतात.