शजऱ्यात नसलेल्या आया

आमच्या दुसरबीडच्या घरी एक जुना शजरा आहे. पिवळा पडलेला कागद, घड्यांवर फाटलेला, मागून कापड चिकटवलेले. ईदच्या दिवशी वडीलधारी मंडळी तो पेटीतून काढत आणि आम्हा मुलांना समोर बसवून वाचून दाखवत. अमुक बिन तमुक, तमुक बिन अमुक असे करीत बोट वर वर सरकत जाई आणि शेवटी अरबस्तानात जाऊन थांबे. आम्हाला तेव्हा फार अभिमान वाटायचा. कित्येक वर्षांनी एका भाचीने तो कागद हातात घेतला आणि विचारले, "मामू, यात एकही बाई कशी नाही? ही सगळी माणसं आईशिवाय जन्मली काय?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

महाराष्ट्रातल्या मुसलमानाला दोन बाजूंनी एकच गोष्ट ऐकवली जाते. बाहेरचे म्हणतात, तुम्ही बाहेरून आलात. घरातले म्हणतात, आपण बाहेरून आलो म्हणून आपण थोर. पहिले वाक्य आम्हाला टोचते आणि दुसरे सुखावते. दोन्ही वाक्यांचा पाया मात्र एकच, आणि तो तपासून पाहण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. आता तपासायला एक नवे साधन हाती आले आहे आणि ते नेमके शजऱ्याने गाळलेल्या व्यक्तीची, म्हणजे आईची, साक्ष काढते.

आपल्या शरीरातील पेशींत तंतुकणिका असतात, शास्त्रज्ञ त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. पेशीला लागणारी ऊर्जा त्या तयार करतात. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, सुमारे १६,५६९ अक्षरांचा. हा डीएनए मुलाला आणि मुलीला फक्त आईकडून मिळतो. मुलगी तो पुढे आपल्या लेकरांना देते. मुलाकडे तो असतो, पण त्याच्यापाशीच संपतो. म्हणजे आई, नानी, परनानी, तिची आई अशी एक अखंड साखळी प्रत्येकाच्या अंगात असते. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना कधी एखादे अक्षर बदलते. तो बदल पुढच्या सगळ्या लेकींत उतरतो आणि त्या घराण्याची खूण बनतो. अशा खुणा जुळवून मातृवंशाच्या शाखा ठरवल्या जातात.

१९८७ साली रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांत मूळ असलेल्या १४७ जणांचा असा डीएनए तपासला. आज जिवंत असलेल्या सर्व माणसांच्या मातृसाखळ्या मागे जाऊन आफ्रिकेतल्या एका स्त्रीपाशी मिळतात, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. ती सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीची असावी, असा त्यांचा अंदाज होता. ती त्या काळातली एकटीच बाई होती असा याचा अर्थ नाही. इतर स्त्रियांच्या केवळ मुलींमार्फत चालणाऱ्या साखळ्या मध्ये कुठेतरी तुटल्या, एवढाच अर्थ. आफ्रिकेत राहिलेल्या जुन्या शाखांना 'एल' हे अक्षर दिले गेले. आफ्रिकेबाहेर पडलेल्यांच्या शाखा 'एम' आणि 'एन'. भारतात निम्म्याहून अधिक लोक 'एम' शाखेचे आहेत आणि या शाखेच्या इथल्या फांद्या हजारो वर्षे इथेच वाढलेल्या आहेत.

मग आपले काय? भारतीय मुसलमानांवरचा एक महत्त्वाचा अभ्यास २०१० साली युरोपियन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्समध्ये छापून आला. एम. ईश्वरखंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या सहा मुस्लिम समाजांतील ४७२ जणांचे नमुने तपासले होते. मातृवंशही पाहिला, पितृवंशही पाहिला. निष्पन्न झाले ते असे : बहुतेक समाजांचा वारसा मुख्यतः शेजारच्याच बिगरमुस्लिम लोकांचा आहे. बाहेरचे रक्त आहे, पण थोडे, आणि तेही अरबस्तानापेक्षा इराण व मध्य आशियाकडून आलेले.

अरब आणि इराणी यांतला फरक त्यांनी कशावरून केला, हेही मजेशीर आहे. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता ज्या बदलामुळे येते, तो बदल अरबस्तानात वेगळा आहे. अरबांकडून मोठ्या प्रमाणावर वंश आला असता तर त्यांची दुधाची खूणही आपल्यात ठळक दिसली असती. ती तशी दिसली नाही. पेटीतल्या शजऱ्याची खरी परीक्षा अशी दुधाच्या पेल्याने घेतली!

याच अभ्यासात एक दुर्मिळ गोष्ट सापडली. फार थोड्या नमुन्यांत मातृवंशाची 'एल०ए२ए२' ही शाखा मिळाली. ही सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतली शाखा. 'एल०ए' ही मोठी शाखा पूर्व आफ्रिकेत रुजलेली आहे आणि बांटू भाषा बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या स्थलांतराबरोबर ती दक्षिणेकडे मोझांबिकपर्यंत पसरली. तिथून अरबी समुद्र ओलांडून ती हिंदुस्थानात आली.

इथे क्षणभर थांबले पाहिजे. दख्खनच्या इतिहासात हबशी आपल्याला नवे नाहीत. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी शहर त्याने १६१० साली वसवले. त्याचेच पुढे औरंगाबाद आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. १६२६ साली तो वारला, कबर खुलताबादला आहे. मुरुडच्या जंजिऱ्यावर सिद्दी नवाबांचे राज्य १९४८ पर्यंत होते. ही सगळी नावे पुरुषांची. तलवार, जहागीर, किल्ला.

पण मलिक अंबरला त्याच्या आईने दिलेली खूण तो आपल्या मुलांना देऊच शकत नव्हता. ती त्याच्याबरोबर खुलताबादच्या मातीत गेली. मग आज एखाद्या भारतीय मुसलमानाच्या अंगी आफ्रिकी मातृवंश सापडतो, याचा अर्थ एकच. कधीतरी एक आफ्रिकी स्त्री स्वतः गलबतात बसून, किंवा बसवली जाऊन, या किनाऱ्याला लागली. तिला मुलगी झाली, त्या मुलीला मुलगी झाली आणि साखळी तुटली नाही. त्या बाईचे नाव कोणत्या तवारिखेत नाही. ती वजीर झाली नाही, तिने शहर वसवले नाही. बहुधा ती बांदी होती. तिच्या अस्तित्वाचा लेखी पुरावा तिच्या लेकींच्या रक्तातच काय तो राहिला.

सिद्दी समाजाची कथा याला पूरक आहे. गुजरात व कर्नाटकातील सिद्दींवर हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे आफ्रिकी मूळ बांटू लोकांशी जुळते आणि स्थानिकांशी त्यांचे मिश्रण साधारण गेल्या दोनशे वर्षांतले, आठ पिढ्यांचे, असे त्यात दिसले.

हे फक्त मुसलमानांचेच आहे असेही नाही. संजाण बंदरातल्या पारशांच्या प्राचीन अवशेषांचा अभ्यास २०१७ साली झाला. त्यात ४८ टक्के मातृवंश खास दक्षिण आशियाई निघाले. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांचे मातृवंशही बहुतांशी इथलेच आहेत. म्हणजे गलबतातून उतरलेले पाहुणे काही असोत, त्यांच्या लेकरांच्या आया मुख्यतः याच मातीतल्या. 'एल०ए२ए२' हा या नियमाला दुर्मिळ अपवाद आणि म्हणूनच मोलाचा.

आमच्या भागाचेच पाहा. दुसरबीडच्या तालुक्याचे गाव सिंदखेडराजा. तिथे लखुजी जाधवांच्या घरी १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला. एका आईचे नाव इतिहासाने जपले, त्याचा आम्हा तालुकावासीयांना अभिमान आहे. याच मुलुखात साखरखेर्डा येथे १७२४ साली निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. लढणाऱ्या सरदारांची नावे बखरीत मिळतात. पण अशा फौजांतले जे शिपाई मागे राहिले, घरे बांधून बसले, त्यांच्या चुली कोणी पेटवल्या? पोरांना वऱ्हाडी बोली कोणी शिकवली? शजरा यावर गप्प आहे. आमच्या घरात जात्यावरच्या ओव्या आल्या त्या बापाकडून आल्या नसणार.

एक इशाराही द्यायला हवा. आजकाल पैसे भरून थुंकीची तपासणी करून घेता येते आणि हाती आलेल्या कागदावर कोणी लगेच नवा शजरा लिहायला बसतो. दहा पिढ्या मागे गेलो तर आपले १०२४ पूर्वज होतात. मातृवंश त्यांतल्या एकीचाच माग सांगतो. शजराही एकाचाच सांगत होता. एका बाईच्या खुणेवरून कोणी हबशी ठरत नाही, की एका बापाच्या नावावरून अरब. शिवाय या देशावरचा आपला हक्क रक्ताच्या थेंबावर अवलंबून नाही. ४७२ नमुने उलटे निघाले असते तरी आम्ही इथलेच असतो. नागरिकत्व प्रयोगशाळेत ठरू नये, हे आपण स्वतःशीही आणि दुसऱ्यांशीही ठामपणे बोलले पाहिजे.

आणि धर्माचे म्हणाल, तर हज्जतुल विदाच्या खुत्ब्यात वंशाचा बडेजाव नाकारला गेला. पहिली अजान देणारे हजरत बिलाल हे हमामा नावाच्या हबशी मातेचे पुत्र. आणि सय्यद म्हणवणारे सगळेच ज्या नसबाचा अभिमान धरतात, तो नसब बीबी फातिमांच्या, म्हणजे एका लेकीच्याच, मार्फत चालला. ज्या घराण्याचे मूळ एका लेकीपाशी आहे, त्याच्या शजऱ्यातून लेकी कशा गाळल्या, हे कोडे आम्हाला सुटत नाही.

भाचीने आता एक वही केली आहे. पहिल्या पानावर तिचे नाव, मग तिच्या अम्मीचे, मग नानीचे, मग परनानीचे. पाचव्या नावाला आम्ही सगळे अडलो. घरातल्या सर्वात वयस्क खालाने बराच वेळ डोळे मिटून आठवून पाहिले आणि म्हणाल्या, "तिला सगळे 'मोठी माय'च म्हणत. नाव कोणी विचारलंच नाही."

भाचीने वहीत पाचव्या ओळीवर 'मोठी माय' असे लिहिले आणि तिच्यावरची ओळ कोरी सोडली.