दामाजीपंतांची पावती

मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बेदरच्या बादशहाचे अंमलदार. परंपरा सांगते की, घोर दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे रयतेला खुली केली. बादशहाची शिक्षा अटळ होती. महिपतीने १७६२ साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’त पुढील कथा येते: विठ्ठल महाराच्या वेषाने बेदरास गेला, धान्याचे मोल भरले आणि रीतसर पावती घेतली.

ही पावती कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. परंतु लोकस्मृतीने देव कोठे पाहिला, हे चिंतनीय आहे. त्याने पाऊस पाडला नाही; भुकेल्यांसाठी शिर पणाला लावणाऱ्या अधिकाऱ्याचा हिशेब चुकता केला. आणि ज्या महाराच्या रूपाने तो आला, त्या महारास पंढरीचे मंदिर मात्र १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण करीपर्यंत बंदच होते!

संकटात देव आला होता. त्याला ओळखावयास आपणच शतके लावली.