भिवंडी ७० ला पेटली, ९२ ला का नाही?

दंगल झाली की आपण म्हणतो, "लोकांच्या भावना भडकल्या." इतकी वर्षं बातमीदारी करतोय, मला हे वाक्य काही पटत नाही. भिवंडीचं बघा.

७ मे १९७०. शिवजयंतीची मिरवणूक. दंगल उसळली आणि जळगाव, महाडपर्यंत पोचली. न्या. मादन आयोगाने चौकशी केली. मिरवणुकीचा मार्ग, घोषणा, गुलाल यावरून तणाव आधीपासून साठत होता आणि संघटना तो वाढवत होत्या, हे त्यात पुढे आलं. महाराज निमित्त, दाखवायची होती ताकद. १९८४ ला भिवंडी पुन्हा जळाली.

पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे तिथे आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांसोबत नियमित बसू लागली. किरकोळ भांडण, अफवा तिथल्या तिथे मिटायची. डिसेंबर ९२ ला बाबरी पडली. मुंबईच्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या आकड्यानुसार ९०० जीव गेले. शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली.

धर्म तेच, गाव तेच. म्हणजे दंगल आपोआप होत नाही, ती घडवावी लागते. शांतताही तशीच.

आता सणांचे दिवस येतील. आपल्या गावात मिरवणुकीचा मार्ग कोण ठरवतं, डीजेचे पैसे कोण देतं, निवडणूक किती लांब आहे, एवढं विचारा. आणि शांतता समिती सणाच्या आदल्या दिवशी चहापुरतीच भरते का, तेही विचारा.