हथनोऱ्याची कवटी : पूर्वज म्हणण्याची घाई

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा पहिला तास आपण शिलालेखांपासून सुरू करतो. हजारेक वर्षे मागे गेलो की आपला काळ संपतो. त्यापलीकडे 'आदिमानव' नावाचे एक धूसर प्रकरण असते आणि ते शालेय पुस्तकातील गुहेच्या चित्रापाशी थांबते. त्या प्रकरणातील एक महत्त्वाचे पान मात्र नागपूरशी जोडलेले आहे, याची जाणीव आपल्यापैकी फार थोड्यांना असावी.

५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयातील अरुण सोनकिया यांना नर्मदेच्या उत्तर तीरावरील हथनोरा (जि. सिहोर) या गावाजवळ, गाळ आणि गोटे यांच्या घट्ट थरात, मानवी कवटीचा वरचा भाग सापडला. नदीपलीकडचा होशंगाबाद (आजचा नर्मदापुरम) जिल्हा १९५६ पर्यंत ज्या प्रांतात होता, त्याची राजधानी नागपूरच होती. त्याच परिसरातील थरांत प्राचीन हत्ती, रानबैल व पाणघोडे यांचे जीवाश्म मिळतात. दगडी हातकुऱ्हाडीही मिळतात. हा काळ मध्य प्लाइस्टोसीन मानला जातो. त्याची व्याप्ती सुमारे पावणेआठ लाख ते सव्वा लाख वर्षांपूर्वीपर्यंतची. या दीर्घ पट्ट्यात कवटीचे नेमके स्थान कोणते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

हाती आले ते किती? मुख्यतः उजव्या बाजूची कवटी. चेहरा नाही, जबडा नाही, एकही दात नाही. सोनकियांनी तिला 'होमो इरेक्टस'ची नर्मदा-उपजाती ठरवले. भुवयांवरचे जाड हाड आणि कवटीची ठेवण पाहता ते स्वाभाविक होते. पण कवटीतील मेंदूची जागा मोजली तेव्हा प्रश्न उभा राहिला. कॉर्नेल विद्यापीठाचे केनेथ केनेडी व त्यांचे सहकारी यांचा अंदाज ११५५ ते १४२१ घनसेंटिमीटर इतका होता. आजच्या माणसाची सरासरी साडेतेराशेच्या आसपास. म्हणजे ही व्यक्ती, बहुधा स्त्री, मेंदूच्या आकाराने आपल्या अगदी जवळ येते. १९९१ च्या त्यांच्या निबंधात ती आद्य 'होमो सेपियन्स' असावी असे सुचवले गेले, आणि त्या निबंधाच्या लेखकांत स्वतः सोनकियाही होते! पुढे काहींनी तिला 'होमो हायडेलबर्गेन्सिस'च्या गटात बसवले.

आपण साहित्याची माणसे येथे क्षणभर थांबावे, असे मला वाटते. स्वतः दिलेले नाव मागे घेण्याची शक्यता मांडणाऱ्या लेखावर स्वतःची सही करणे, हे आपल्या वाङ्मयीन वादांत कितीदा घडते?

मोठा मेंदू ही फुकटची देणगी नव्हे. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. त्याला सकस अन्न हवे, अन्नासाठी हत्यार हवे, आणि हत्यार घडवायला शिकण्यासाठी दीर्घ बालपण व सांभाळणारी माणसे हवीत. दोन्ही बाजूंनी सारखी घडवलेली हातकुऱ्हाड पाहिली की दगडावर घाव घालण्यापूर्वी तिचा आकार कोणाच्या तरी मनात होता, हे मान्य करावे लागते. तो आकार शब्दांनी शिकवला जात होता की केवळ हातांनी? कवटी याचे उत्तर देत नाही. उच्चाराची साधने हाडांत फारशी उरत नाहीत.

अशी हत्यारे महाराष्ट्रातही आहेत. कुकडीकाठचे बोरी, चंद्रपूरची पापामियाँ टेकडी, आणि प्रवरेकाठचे नेवासे. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच नेवाशाच्या परिसरात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली. शब्द आणि दगड एकाच नदीकाठी! मात्र हत्यारे अनेक आणि ती घडवणाऱ्यांची हाडे जवळजवळ नाहीत, ही आपल्या भूमीची स्थिती आहे. म्हणूनच हथनोऱ्याचा तुकडा मोलाचा ठरतो.

आणि म्हणूनच त्याच्यावर ओझे लादण्याचा मोहही होतो. 'पहिला भारतीय', 'आपला मूळ पुरुष' अशी बिरुदे सहज सुचतात. परंतु जनुकीय पुरावा सांगतो की आजच्या सर्व मानवांचा वारसा मुख्यतः आफ्रिकेत उदयाला आलेल्या 'होमो सेपियन्स'कडून येतो. आफ्रिकेबाहेर पसरलेली शाखा गेल्या लाखभर वर्षांतलीच. हथनोऱ्याची ती स्त्री कदाचित आपली पूर्वज नसेलही. ती या भूमीवर आपल्याआधी राहून गेलेली शेजारीण असेल, जिचा वंश खुंटला.

तिच्याशी नाते सांगायला रक्ताचा आधार हवाच असे नाही. अर्ध्या कवटीवरून अख्खा इतिहास रचण्याचा मोह आवरणे, हेही तिच्याविषयीच्या आदराचेच एक रूप आहे.