यादी किती दिवसांची आहे?

हल्ली स्पायवेअर म्हटलं की पेगॅसस आठवतं. सरकारं, पत्रकार, कोर्टकचेऱ्या वगैरे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मात्र हा शब्द अगदी घरगुती होता, झुरळांच्या खडूसारखा. विंडोज ९८ किंवा एक्सपीवर ब्राउझर उघडावा तर होमपेज भलतंच, वर न मागितलेले दोन-तीन टूलबार, आणि नेट बंद असतानाही उडी मारून येणाऱ्या जाहिराती. उपाय ठरलेला. अॅड-अवेअर चालवा, मग स्पायबॉट चालवा. आणि दोन्ही चालवायच्या आधी अपडेट करा.

हे 'आधी अपडेट करा' सगळेच सांगायचे. का, ते फारसं कुणी सांगायचं नाही. या वीकेंडला तेच खोदत बसलो होतो.

सुरुवात साधारण २००० ची. तेव्हा फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत ऑरिएट (पुढे नाव बदलून रेडिएट) नावाच्या कंपनीचा जाहिराती दाखवणारा भाग गुपचूप यायचा. गंमत अशी की मूळ सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी हा पाहुणा घरातच! अमेरिकेतल्या स्टीव्ह गिब्सनला तो स्वतःच्याच मशीनवर सापडला आणि त्याने 'ऑप्टआउट' नावाचं छोटं टूल लिहिलं. स्पायवेअर काढणारं पहिलं टूल म्हणून त्याचंच नाव घेतात. पण ते ऑरिएटपुरतंच होतं. पुढे गिब्सनने ते काम थांबवलं आणि लोकांना अॅड-अवेअरकडे पाठवलं. त्याच सुमारास जर्मनीत पॅट्रिक कोला नावाचा विद्यार्थी ऑरिएट आणि टाइमसिंकचा बंदोबस्त करायला एक प्रोग्रॅम लिहीत होता. तोच पुढे 'स्पायबॉट सर्च अँड डिस्ट्रॉय' झाला. फुकट, देणगीवर चालणारा. त्याच्या लायसन्समध्ये चक्क अर्पणपत्रिका होती, जगातल्या सगळ्यात छान मुलीला. आमच्या कंपनीच्या लीगलवाल्यांना एकदा दाखवायला हवी.

आता मुद्दा. ही टूल्स 'हुशार' नव्हती. स्कॅनिंग इंजिन म्हणजे पोलीस पाटील, आणि त्याच्या हातात फरार लोकांची यादी. अमुक नावाची फाइल, रजिस्ट्रीत तमुक ठिकाणची नोंद, अमुक कुकी. यादीतलं दिसलं की पकडा, नसलं तर जाऊ द्या. म्हणजे खरं टूल प्रोग्रॅम नव्हताच, ती यादी होती. सहा महिने जुनी यादी घेऊन स्कॅन केला तर 'काहीही सापडलं नाही' असं उत्तर येणार, आणि घरातले सगळे खूश. स्कॅनच न करण्यापेक्षा हे वाईट, कारण न केलेला माणूस निदान धास्तावलेला तरी असतो.

अमेरिका ऑनलाइन आणि नॅशनल सायबर सिक्युरिटी अलायन्स यांनी २००४ मध्ये ३२९ घरांतले कॉम्प्युटर प्रत्यक्ष तपासले. ८० टक्क्यांवर स्पायवेअर किंवा अॅडवेअर निघालं, आणि अशा मशीनवर सरासरी ९३ तुकडे. (यात कुकीज धरलेल्या असणार, त्यामुळे ९३ ऐकून फार दचकू नका.) मला त्याच अहवालातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. ८५ टक्के घरांत अँटिव्हायरस होता, पण दोन तृतीयांश घरांत आठवड्याभरात अपडेट झालेला अँटिव्हायरस नव्हता. कुलूप होतं, किल्ली जुनी.

आपल्याकडे अपडेट न करण्याला आळसाखेरीज आणखी एक कारण होतं. डायल-अपवर सेकंदाला पाचेक केबी मिळाले तर पाच एमबी उतरवायला पंधरा-सतरा मिनिटं, तेवढा वेळ घरचा फोन एंगेज, आणि बिल दोन्हीकडून. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं, त्यात २५० रुपयांच्या प्लॅनला महिन्याला ४०० एमबी. त्यातले अपडेटला किती द्यायचे, हा खरोखर घरगुती बजेटचा प्रश्न होता. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. इंजिनियरिंगला असलेला माझा मावसभाऊ, दादा, रविवारी यायचा तो पेन ड्राइव्ह घेऊन. कॉलेजच्या लॅबमधून अॅड-अवेअरची यादी, म्हणजे डेफ्स डॉट रेफ ही एकच फाइल, आणि स्पायबॉटच्या यादीची वेगळी एक्झी फाइल तो उतरवून आणायचा. दोन मिनिटांत काम. कधी विसरला तर डायल-अप. "मावशी, फोन उचलू नकोस गं, अर्धं झालंय!" आणि आई नेमकी तेव्हाच आजीला फोन लावायला आलेली. मासिकांसोबतच्या सीडीवरही ही टूल्स मिळायची, पण सीडी हातात येईपर्यंत तिच्यातली यादी शिळी.

बरं, यादी ताजी असली म्हणजे झालं का? नाही ना. २००३ मध्ये कूलवेबसर्च नावाचं प्रकरण आलं. होमपेज पळवायचं, आणि काढलं की पुन्हा हजर. नेदरलँड्समधल्या मेराइन बेलेकोम या विद्यार्थ्याने खास त्याच्यासाठी सीडब्ल्यूश्रेडर लिहिलं. (हायजॅकधिस त्याचंच.) तो एकेका नव्या अवताराची नोंद करत यादी वाढवत राहिला. पण अवतार इतक्या वेगाने यायला लागले की २००४ च्या मध्यात त्याने हे अपडेट करणं सोडलं. मी कामात जे काही सपोर्ट रोटेशन बघितलं आहे त्यावरून सांगतो, एकट्या माणसाने, फुकटात, पगारी लोकांच्या टोळीविरुद्ध इतके महिने रेटलं हेच विशेष आहे. शिवाय कूलवेबसर्च शिरायचं ते मायक्रोसॉफ्टच्या जावा व्हर्च्युअल मशीनमधल्या एका भोकातून, आणि त्याचा पॅच एप्रिल २००३ मध्येच आलेला होता. ज्यांनी तो टाकला नाही ते दर आठवड्याला केर काढत होते आणि खिडकी उघडीच ठेवत होते.

मला सगळ्यात रोचक वाटतो तो भाग यापुढचा. यादीत नाव येणं म्हणजे धंदा बुडणं. त्यामुळे यादी लिहिणाऱ्यावर दबाव आला. २००२ मध्ये रॅडलाइट नावाच्या व्हिडिओ प्लेअरच्या एका आवृत्तीने सरळ अॅड-अवेअरच अनइन्स्टॉल करून टाकलं, न विचारता. हा झाला दांडगेपणा. सभ्य मार्ग म्हणजे वकील. गेटर कंपनीने २००३ मध्ये पीसी पिटस्टॉपवर दावा ठोकला, आमच्या सॉफ्टवेअरला स्पायवेअर म्हणता म्हणून. समझोता झाला आणि पीसी पिटस्टॉपने ती पानं काढली. त्याच वर्षी गेटरने स्वतःचं नाव बदलून क्लॅरिया केलं. डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जायंट ही अँटिस्पायवेअर कंपनी विकत घेतली. २००५ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्ट क्लॅरिया विकत घेणार अशा बातम्या आल्या, आणि त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या टूलमध्ये क्लॅरियापुढचा सल्ला 'क्वारंटाइन करा' वरून 'दुर्लक्ष करा' असा झाला. मायक्रोसॉफ्ट म्हणालं, नेहमीच्या निकषांनी केलं. असेल बुवा. खरेदी काही झाली नाही. पण एक विचार करा, ज्याने त्या आठवड्यात इमानेइतबारे अपडेट केलं असेल त्याचं संरक्षण अपडेटमुळेच कमी झालं!

आणि कधीकधी नुसता गोंधळ. फेब्रुवारी २००६ मध्ये त्याच टूलच्या नव्या यादीने सिमँटेकच्या कॉर्पोरेट अँटिव्हायरसलाच पासवर्डचोर ठरवलं. ज्यांनी 'काढा' म्हटलं त्यांचा अँटिव्हायरस मोडला.

कोर्टाने यादीवाल्यांच्या बाजूने नीट कौल दिला तो २००९ मध्ये. झँगो कंपनीने कॅस्परस्कीवर केलेला दावा अमेरिकेच्या नवव्या सर्किट कोर्टाने फेटाळला. त्रासदायक वाटणारं सॉफ्टवेअर अडवण्याची मुभा अशा टूल्सना आहे, असं त्याचं सार. निकाल जूनमधला. झँगोला टाळं एप्रिलमध्येच लागलं होतं.

तोवर चोरांनी वेगळीच युक्ती काढली होती, स्वतःच पोलिसाचा ड्रेस घालायची. स्पायशेरिफ, विनफिक्सर ही नावं आठवतात? खोटा स्कॅन, लाल अक्षरं, आणि 'काढायचं असेल तर पैसे भरा'. जानेवारी २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्याने 'स्पायवेअर क्लीनर' विकणाऱ्या कंपनीवर खटला भरला. स्वच्छ मशीनवरही ते स्पायवेअर दाखवतं, असं राज्याचं म्हणणं. वर्षअखेर दहा लाख डॉलर्सवर मिटलं. विनफिक्सरवाल्यांनी तर दहा लाखांहून जास्त गिऱ्हाइकांना फसवलं असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये सांगितलं, आणि २०१२ मध्ये कोर्टाने १६ कोटी ३० लाख डॉलर्सचा निकाल दिला. ही सगळी मंडळी जगली ती 'सुरक्षेचं टूल ताजं ठेवा' या चांगल्या सवयीवरच. सांगणारा खरा कोण, हे घरच्या माणसाने ओळखायचं कसं? दादासारखा कुणी नसेल तर अवघडच होतं.

पुढचं थोडक्यात. जायंटचं टूल विंडोज डिफेंडर झालं आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून पूर्ण अँटिव्हायरस म्हणून आतच बसून येऊ लागलं. यादी आता दिवसातून अनेकदा, आपल्याला न विचारता बदलते. तिच्यात काय आलं, काय गेलं, कुणी बघत नाही. मीही नाही.

एक गोष्ट मात्र बघायला लागली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण डिफेंडरची यादी त्यावर ऑक्टोबर २०२८ पर्यंत देत राहू, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. बाबांचं जुनं मशीन विंडोज ११ घेत नाही. म्हणजे यादी ताजी, हिरवी खूण जागेवर, आणि भोकं बुजवायला कुणी नाही, थेट कूलवेबसर्चच्या काळासारखं. त्यांना म्हटलं, बाबा, बँकेचं काम तूर्त यावर नको. वाढीव पॅचसाठी नोंदणी करून दिली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. नवीन मशीनचं ते म्हणतात, "बघू, हे चालतंय की अजून."